जड खनिज तेलातील पाणी आणि श्यानतेचे गणित

जमिनीखालून वर येणारे खनिज तेल निर्भेळ असे क्वचितच असते. त्याच्यासोबत वायू येतो, वाळू येते आणि बहुतेक ठिकाणी पाणीही येते. पाणी हे तेलापेक्षा पातळ. तेव्हा ते मिसळल्याने तेलही पातळ होईल आणि नळातून अधिक सुलभतेने वाहील, असा सर्वसामान्य समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र याच्या अगदी उलट घडते. जड तेलात पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपाने अडकून बसले की ते मिश्रण मूळच्या तेलाहून पाचपट, दहापट आणि प्रसंगी वीसपटीहूनही अधिक दाट होते. ते नेमके किती पट दाट होईल याचा अंदाज आधी बांधता आला नाही, तर लाखो रुपये खर्चून बसविलेला पंप निरुपयोगी ठरतो व जमिनीत पुरलेला नळ अपुरा पडतो. आपल्या गरजेपैकी ८० टक्क्यांहून अधिक कच्चे तेल भारताला आयात करावे लागते. अशा परिस्थितीत देशातील जड तेलाचा प्रत्येक साठा मोलाचा आहे. म्हणूनच वरवर केवळ प्रयोगशाळेचा वाटणारा हा प्रश्न सार्वजनिक हिताचाही ठरतो.

जड तेल म्हणजे काय?

तेलाचा जडपणा मोजण्यासाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरविलेले माप जगभर वापरले जाते. या मापात पाण्याला १० अंश दिले आहेत व अंश जितके कमी तितके तेल जड समजले जाते. साधारणतः २२.३ अंशांखालील तेलास जड तेल आणि १० अंशांखालील तेलास अतिजड तेल म्हणतात. कॅनडातील अथाबास्का, व्हेनेझुएलातील ओरिनोकोचे खोरे व अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथील जड तेलाचे साठे प्रसिद्ध आहेत. भारतात उत्तर गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात बलोल, सांथल, लणवा व बेचराजी या क्षेत्रांचा मिळून जड तेलाचा एक पट्टा आहे.

तेलाच्या वाहण्यास होणाऱ्या अंतर्गत विरोधाला शास्त्रीय परिभाषेत श्यानता म्हणतात. व्यवहारात यालाच दाटपणा असे म्हटले जाते. श्यानता सेंटिपॉइज या एककात मोजतात. २० अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिपॉइज असते. घरातील गोड्या तेलाची ती पन्नास ते ऐंशीच्या आसपास, तर मधाची काही हजार असते. मेहसाण्याच्या पट्ट्यातील तेलाची श्यानता काही शेकड्यांत जाते. अथाबास्काचे डांबरासारखे तेल भूगर्भातील थंड तापमानाला दहा लाख सेंटिपॉइजपर्यंत पोहोचते आणि तापविल्याखेरीज जागचे हलत नाही.

पाणी येते कोठून?

तेल आणि पाणी भूगर्भात एकाच सच्छिद्र खडकात शेजारी शेजारी असतात. विहिरीतून तेल उपसले जाऊ लागले की त्याची जागा घेण्यास पाणी पुढे सरकते. तेल दाट आणि पाणी पातळ असल्यामुळे पाणी तेलाला एकसारखे ढकलत नाही. ते तेलातून वाट फोडून विहिरीकडे धाव घेते. त्यामुळे जड तेलाच्या विहिरींत पाण्याचे प्रमाण लवकर वाढते.

त्यातच तेल पातळ करण्यासाठी योजलेल्या उपायांमुळे आणखी पाण्याची भर पडते. अनेक ठिकाणी विहिरीत वाफ सोडतात व तीच पुढे थंड होऊन पाणी बनते. मेहसाण्याच्या पट्ट्यात भूगर्भीय ज्वलनाची पद्धत वापरण्यात आली. तेल व नैसर्गिक वायू आयोगाने १९९० साली बलोल येथे तिचा प्रायोगिक प्रारंभ केला आणि १९९७ पासून बलोल व सांथल येथे ती व्यापारी प्रमाणावर अवलंबिली गेली. या पद्धतीत जमिनीखाली हवा सोडून तेलाचा काही भाग तेथेच जाळला जातो. त्या उष्णतेने उरलेले तेल पातळ होऊन विहिरीकडे सरकते. परंतु तेल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तेलाचे काही घटक हवेतील प्राणवायूशी संयोग पावतात. असे घटक पाण्याचे थेंब तेलात टिकवून धरण्यास साहाय्य करतात. परिणामी वर येणारे मिश्रण सहजी फुटत नाही.

लोण्याचे उदाहरण

एकमेकांत न विरघळणाऱ्या दोन द्रवांपैकी एक दुसऱ्यात बारीक थेंबांच्या रूपाने पसरला, की त्या मिश्रणास पायस म्हणजे इमल्शन असे म्हणतात. त्याची दोन उदाहरणे प्रत्येक घरात आढळतात. दुधात पाणी हे मुख्य माध्यम असून त्यात स्निग्धांशाचे कण तरंगतात. लोण्यात याच्या उलट स्थिती असते. तेथे स्निग्धांश हे माध्यम असून त्यात पाण्याचे थेंब अडकलेले असतात. बाजारात मिळणाऱ्या लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते, तरीही ते पाणी डोळ्यांना दिसत नाही. रवीने घुसळण्याची क्रिया म्हणजे पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात होणारे स्थित्यंतर होय.

तेलविहिरीतून येणारे पायस बहुधा लोण्याच्या जातीचे, म्हणजे तेलात पाणी अडकलेले असते. रवीचे काम तेथे विहिरीतील पंप, अरुंद झडपा आणि नळांची वळणे करतात. थेंब काही मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कितीतरी लहान असतात. जड तेलात अ‍ॅस्फाल्टीन व राळेसारखे पदार्थ विपुल असतात. हे पदार्थ व मातीचे अतिसूक्ष्म कण थेंबांभोवती जमून त्यांवर चिवट पापुद्रा तयार करतात. त्यामुळे दोन थेंब एकमेकांवर आदळले तरी एकजीव होत नाहीत आणि पाणी तळाशी बसत नाही.

आता दाटपणा का वाढतो हे समजणे कठीण नाही. वाहणाऱ्या तेलाला प्रत्येक थेंबाला वळसा घालून पुढे जावे लागते. थेंब थोडे असतील तर अडथळा थोडा होतो. थेंबांची दाटी झाली की त्यांच्यामधील तेलाच्या वाटा अरुंद होतात व तेलाचे थर एकमेकांवर जोराने घासू लागतात. यात्रेच्या दिवशी रस्त्यावर माणसे दुप्पट झाली, तर चालणाऱ्याचा त्रास दुप्पट होऊन थांबत नाही, तो अनेक पटींनी वाढतो. तोच प्रकार येथे घडतो.

सूत्रांचा प्रवास

या वाढीचे पहिले सूत्र आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०६ साली मांडले. द्रवात थोडे घन गोल कण असल्यास त्याची श्यानता किती वाढेल, हा त्यांचा प्रश्न होता. पॅरिसमध्ये झां पेरँ यांच्या प्रयोगशाळेत झाक बांसलाँ यांनी प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा वाढ सूत्राहून बरीच अधिक आढळली. आइन्स्टाइन यांनी लुडविग हॉप्फ यांना गणित पुन्हा तपासावयास सांगितले असता त्यात एक चूक निघाली. १९११ साली सुधारलेले सूत्र प्रसिद्ध झाले. त्यानुसार कणांच्या घनफळाचा जो अंश असेल त्याला २.५ ने गुणून त्यात १ मिळविला, की श्यानता किती पट होईल ते कळते. मोजमापाने सूत्राला दुरुस्त केल्याचा हा प्रसंग या विषयाच्या आरंभीच घडला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पाण्याचे थेंब हे घन कण नव्हेत. थेंबाच्या आतील पाणीही फिरते आणि त्यामुळे अडथळा कमी होतो. केंब्रिजचे जी. आय. टेलर यांनी १९३२ साली ही बाब सूत्रात आणली. तेल पाण्याहून शेकडो पट दाट असल्यास त्यांच्या सूत्रातील २.५ चा आकडा जवळजवळ १ वर येतो. परंतु थेंबांवर चिवट पापुद्रा असला की आतील पाण्याचे फिरणे थांबते व थेंब पुन्हा घन गोळीप्रमाणे वागू लागतो. शिवाय ही दोन्ही सूत्रे थेंब विरळ असतानाच लागू पडतात.

थेंबांची दाटी लक्षात घेणारी सूत्रे पुढे आली. १९५२ साली ब्रिंकमन यांनी सुचविलेल्या सूत्रात पाण्याचा अंश १ मधून वजा करून आलेल्या संख्येचा अडीचवा घात घेतात व त्याने १ ला भागतात. १९४२ साली वोल्फ्लिन यांनी कच्च्या तेलाच्या पायसांचे सैल, मध्यम आणि घट्ट असे वर्ग पाडून प्रत्येकाची आलेखरेषा दिली होती. १९८९ साली पाल व ऱ्होड्स यांनी निराळा मार्ग अनुसरला. पाण्याच्या कोणत्या प्रमाणाला त्या विशिष्ट पायसाची श्यानता मूळ तेलाच्या शंभरपट होते, हे त्यांनी प्रयोगाने ठरवावयास सांगितले आणि तो एक आकडा सूत्राचा आधार केला. येथे त्यास शतपट प्रमाण म्हणू. उत्तर समुद्रातील तेलांचा अभ्यास करून रोन्निंगसेन यांनी १९९५ साली पाण्याच्या प्रमाणाबरोबरच तापमानालाही सूत्रात स्थान दिले.

एकच तेल, पाच उत्तरे

ही सूत्रे एकाच उदाहरणाला लावून पाहणे उद्बोधक ठरेल. मूळ तेलाची श्यानता ५०० सेंटिपॉइज आहे आणि पायसात निम्मे पाणी आहे, असे समजू. उत्तरे पुढीलप्रमाणे येतात :

टेलर यांच्या सूत्राने : ७५० सेंटिपॉइज
आइन्स्टाइन यांच्या सूत्राने : १,१२५ सेंटिपॉइज
ब्रिंकमन यांच्या सूत्राने : सुमारे २,८३० सेंटिपॉइज
पाल व ऱ्होड्स यांच्या सूत्राने, शतपट प्रमाण ७० टक्के असल्यास : सुमारे ४,९५० सेंटिपॉइज
त्याच सूत्राने, शतपट प्रमाण ६० टक्के असल्यास : सुमारे १०,२०० सेंटिपॉइज

तेल तेच, पाणी तेवढेच. पण सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या उत्तरात तेरापटीहून अधिक अंतर पडले. सूत्रांपैकी एकही खोटे नाही. प्रत्येक सूत्र आपापल्या गृहीतांपुरते खरे आहे. कोणते गृहीत या विहिरीला लागू आहे, हे मात्र सूत्र सांगत नाही. ते त्या तेलाच्या नमुन्यालाच विचारावे लागते.

या अंतराचा व्यवहारातील अर्थ नळाच्या हिशेबावरून स्पष्ट होतो. संथ प्रवाहात नळाच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक श्यानतेच्या प्रमाणात वाढतो आणि नळाच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटतो. प्वाझय या फ्रेंच वैद्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो व महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना तो परिचित आहे. १५ सेंटिमीटर व्यासाच्या एक किलोमीटर लांब नळातून तासाला १० घनमीटर द्रव न्यावयाचा आहे असे धरू. श्यानता ५०० सेंटिपॉइज असताना सुमारे १.१ वातावरण इतका दाब पुरतो. आइन्स्टाइन यांच्या सूत्रावर विसंबून नियोजन केले तर २.५ वातावरणांची तरतूद होईल. पायस प्रत्यक्षात घट्ट निघाले तर गरज २२ वातावरणांहून अधिक दाबाची लागेल. तो पंप हे तेल ढकलू शकणार नाही. पंप तोच ठेवावयाचा तर नळ १५ ऐवजी सुमारे २६ सेंटिमीटर व्यासाचा लागेल आणि पुरलेला नळ उकरून बदलणे हे किती खर्चाचे काम आहे, हे पाणीपुरवठ्याच्या योजना पाहणाऱ्या पंचायत सदस्यांना सांगण्याची गरज नाही.

याच्या उलट, भीतीपोटी सर्वत्र मोठे नळ व मोठे पंप घालणे हाही उपाय नव्हे. मोठ्या नळात प्रवाह मंदावतो, तेल वाटेतच थंड होऊन अधिक दाट होते आणि वाळू तळाशी साचते. नळ व पंप यांची मागणी नोंदविली जाते तेव्हा विहीर नवी असते व तिच्यात पाणी थोडे असते. दहा वर्षांनी तेच पाणी निम्म्यावर गेलेले असते. पूर्वानुमानाची गरज नेमकी याच कारणाने भासते.

उलटण्याचा बिंदू

पाणी वाढत गेले की श्यानता कायम वाढतच राहते असे नाही. एका मर्यादेनंतर तेलाला एवढे थेंब सामावून घेता येत नाहीत. मग पायस उलटते. पाणी हे माध्यम बनते व तेल थेंबांच्या रूपात त्यात तरंगू लागते. लोण्याचे जणू पुन्हा दूध होते आणि श्यानता एकाएकी घसरते. हा बिंदू तेलाच्या जातीवर, घुसळण्याच्या जोरावर व थेंबांवरील पापुद्र्यावर अवलंबून असतो. प्रत्येक तेलासाठी तो प्रयोगानेच निश्चित करावा लागतो. या बिंदूच्या किंचित अलीकडे श्यानता सर्वाधिक असते. तेथे पंप बंद पडला तर नळातील माल पुन्हा हलविणे अत्यंत कठीण होते.

या गुणधर्माचा उपयोगही करून घेण्यात आला आहे. व्हेनेझुएलात सुमारे ७० टक्के अतिजड तेल आणि ३० टक्के पाणी यांचे उलट्या प्रकारचे पायस मुद्दाम तयार करून ते ओरिमल्शन या नावाने वीजकेंद्रांना इंधन म्हणून विकले जात असे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे उत्पादन बंद करण्यात आले. तथापि, तेल पाण्यात पसरले असता जड तेलही सहज वाहते, हे त्यातून सिद्ध झाले.

पूर्वानुमानाची रीत

भरवशाचा अंदाज बांधण्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

प्रथम, पाणी काढून टाकलेल्या तेलाची श्यानता निरनिराळ्या तापमानांना मोजावी. जड तेलाची श्यानता तापमानानुसार फार झपाट्याने बदलते. त्यामुळे एकाच तापमानाचा आकडा पुरेसा नसतो. भूगर्भातील तेलात वायू विरघळलेला असतो व त्यामुळे ते पातळ असते, ही गोष्टही विसरता कामा नये.

दुसरे, विहिरीतून येणाऱ्या पाण्यापैकी किती पाणी पायसात अडकलेले आहे व किती मोकळे आहे हे वेगळे करावे. सूत्रात केवळ अडकलेले पाणी धरावयाचे असते. एकूण पाण्याचा आकडा घातल्यास उत्तर भलतेच येते. ही चूक वारंवार घडते.

तिसरे, नमुना विहिरीच्या तोंडाशी घ्यावा व त्याची तपासणी विलंब न लावता करावी. टाकीत पडून राहिलेल्या नमुन्यातील काही पाणी खाली बसते आणि उरलेल्या थेंबांवरील पापुद्रा काळाबरोबर अधिक चिवट होतो.

चौथे, पाण्याच्या निदान तीन वेगवेगळ्या प्रमाणांना श्यानता मोजावी. दाट पायस जोराने ढवळले असता पातळ व संथ असता दाट भासते. म्हणून नळातील प्रवाहाचा जो वेग असेल त्याच्याशी जुळणाऱ्या परिस्थितीत मोजमाप करणे आवश्यक असते. या आकड्यांवरून शतपट प्रमाण ठरवावे आणि मगच सूत्राने पुढील वर्षांचा अंदाज काढावा.

पाचवे, नळ सुरू झाल्यावर त्याच्या दोन्ही टोकांच्या दाबाची नोंद नियमितपणे ठेवावी. लांबी, व्यास व प्रवाह ठाऊक असल्यास नळ स्वतःच श्यानता मोजण्याचे साधन बनतो. कागदावरील अंदाज आणि नळाचे सांगणे यांत तफावत पडू लागली, तर पायसाचे स्वरूप बदलले असे समजून नव्याने तपासणी करावी.

उपाय व त्यांचा खर्च

अंदाज हाती असला की उपायांची निवड सोपी होते. पायस फोडणारी रसायने थोड्या प्रमाणात मिसळली असता थेंबांवरील पापुद्रा सुटतो व थेंब एकत्र येतात. ही रसायने शुद्धीकरणाच्या टाकीपाशी न घालता विहिरीजवळच घातली, तर पाणी तर सुटतेच, शिवाय वाटेतील श्यानताही कमी होते. उष्णता देणे, हलके तेल मिसळणे आणि विद्युत् क्षेत्राच्या साहाय्याने थेंब एकत्र आणणे हेही रूढ उपाय आहेत. अमेरिकेतील फ्रेडरिक कॉट्रेल यांनी यांपैकी शेवटच्या उपायाचे एकस्व १९११ साली मिळविले होते.

प्रत्येक उपायाला किंमत मोजावी लागते. पाणी तापविण्यास तेल तापविण्याच्या सुमारे दुप्पट उष्णता लागते. म्हणजे निम्मे पाणी असलेले पायस तापविताना बहुतांश इंधन पाण्यावरच खर्ची पडते. तेलशुद्धीकरण कारखान्याला दिल्या जाणाऱ्या तेलात पाणी साधारणतः अर्धा ते एक टक्क्याच्या आत असावे लागते, कारण पाण्यातील क्षार यंत्रसामग्री कुरतडतात. सुटलेल्या पाण्यात तेलाचा अंश राहिला आणि ते उघड्यावर सोडले गेले, तर शेते व विहिरी नासण्याचा धोका असतो. पायस पुरते फुटले की नाही, या प्रश्नाशी आसपासच्या गावांचे हित अशा रीतीने जोडलेले आहे.

महाराष्ट्राशी असलेला संबंध

महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरील मुंबई हाय क्षेत्रातून १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तेथील तेल हलक्या जातीचे असल्यामुळे मेहसाण्यासारखा श्यानतेचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. तरीही समुद्रातून उरण येथे येणाऱ्या तेलातील पाणी वेगळे करावेच लागते व जुन्या होत जाणाऱ्या विहिरींत पाण्याचे प्रमाण वाढत जाते, हा नियम तेथेही लागू आहे. तेल व वायूच्या उत्पादनतंत्राचा अभ्यास करणारी ओएनजीसीची संस्था १९८४ पासून पनवेल येथे कार्य करीत आहे. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व अभियांत्रिकी शिकणाऱ्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना या क्षेत्रातील संशोधन त्यामुळे फार दूरचे नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेतही या विषयाची तोंडओळख करून देता येते. एका बाटलीत गोडे तेल व पाणी घालून हलवावे. काही वेळाने दोन्ही वेगळे होतात. दुसऱ्या बाटलीत थोडे साबणाचे पाणी मिसळून हलवावे. मिश्रण पांढरे होऊन बराच काळ टिकते. त्यानंतर दही घुसळून निघालेले लोणी, ताक व पाणी यांचे सारखे माप एकाच नरसाळ्यातून ओतून कोणाला किती वेळ लागतो हे मुलांना पाहू द्यावे. लोणी नरसाळ्यात अडून बसते. त्यात पाणी असूनही ते असे का वागते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला, की शिक्षकाला आइन्स्टाइनच्या सूत्रापासून मेहसाण्याच्या विहिरींपर्यंत त्यांना नेता येईल.

जड तेलाच्या श्यानतेचे पूर्वानुमान हे केवळ सूत्र पाठ करून साधणारे काम नाही आणि निव्वळ अनुभवाने उरकण्याचेही नाही. आधी नमुना नीट घ्यावा, तो मोजावा, मग सूत्राने पुढचे पाहावे आणि काम सुरू झाल्यावर पुन्हा मोजावे, हीच त्याची रीत आहे. काही नमुन्यांच्या तपासणीचा खर्च नळ व पंप यांच्या किमतीपुढे नगण्य असतो. तेवढी काळजी आरंभी घेतली गेली, तर भूगर्भातील जड तेल अधिक प्रमाणात, कमी इंधनात आणि भोवतालच्या शेतीला झळ न पोहोचविता देशाच्या उपयोगी आणता येईल.